गेलेल्यांची नावं

प्रिय वकीलसाहेब,

ठराव मंजूर झाला. आधी हे एक वाक्य लिहून टाकते. नाहीतर माझ्या सवयीप्रमाणे मी प्रस्तावनेतच अडकून पडेन आणि तू चष्मा कपाळावर ढकलून म्हणशील, लंबू, मुद्द्यावर ये.

खाली सभागृहात अजून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येताहेत. बिशप, फादर, सिस्टरांच्या निरनिराळ्या संघांच्या मदर, सगळी मंडळी चहाला गेली आहेत. मी मात्र जिना चढून खोलीत आले, दार लावलं आणि आरशासमोर उभी राहून चक्क दोन्ही हात वर केले, शर्यत जिंकलेल्या पोरीसारखे. या वयात. मग खांदा दुखला म्हणून खाली घेतले आणि कागद काढला. आज हसावं की रडावं कळत नाही म्हणतात ना, तसं माझं मुळीच झालेलं नाही. मला नुसतं हसू येतंय. हे पत्र तू भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतरही त्यांना फादर आणि ब्रदर यांतला फरक सांगता येत नाही, म्हणून मधूनमधून त्यांच्यासाठी थोडं सोपं करून लिहिते. तू कंटाळू नकोस.

तर भाऊजी, ऐका. तुमची मेव्हणी जन्मभर गणिताची बाई होती. शाळेत आधी शिक्षिका, मग मुख्याध्यापिका. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना आमच्या संघाच्या प्रमुखांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की तुम्ही आता प्रशिक्षण केंद्रात जा. मी विचारलं, शिकायला की शिकवायला. त्या म्हणाल्या, बघा तुम्हाला काय जमतंय ते. हे केंद्र म्हणजे एक वेगळीच शाळा आहे. फादर होऊ पाहणारी मुलं सेमिनरीत राहतात आणि सिस्टर होऊ पाहणाऱ्या मुली नॉव्हिस म्हणून मठात राहतात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांना घडवणारी जी माणसं असतात, सेमिनरीचे प्रमुख म्हणजे रेक्टर, नॉव्हिसांच्या बाई, पुढे मठांचे आणि संघांचे प्रमुख होणारे लोक, त्यांना कोण घडवतं? पूर्वी कुणीच नाही. जो चांगला उपदेश करतो त्याच्या किंवा जी वेळेवर उठते तिच्या हाती वीस वर्षांची पोरं देऊन टाकायची. आमच्या केंद्रात अशा लोकांना वर्षभर बसवतात. माणसाचं ऐकून कसं घ्यायचं, मन कसं चालतं, अधिकार कसा वापरायचा आणि कधी आवरायचा, पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, एखाद्याला खरंच आहे की नाही हे त्याच्या सोबतीनं कसं शोधायचं, हे सगळं शिकवतात. अर्धे फादर, अर्ध्या सिस्टर, दोनचार ब्रदर, म्हणजे व्रतं घेतलेले पण फादर नसलेले. सगळे मोठे, मानाचे, आणि विद्यार्थी म्हणून बाकावर बसायची सवय केव्हाच मोडलेले.

मी गेले तेव्हा तिथले संचालक एक फार मायाळू फादर होते. मी त्यांची मदतनीस. पण वर्षभरात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि एका सकाळी बिशपांचा फोन आला की नवीन फादर मिळेपर्यंत सिस्टर, तुम्हीच सांभाळा. कागदावर माझं पद लिहिलं गेलं, तात्पुरत्या संचालिका. त्या तात्पुरत्या शब्दाला इतक्या जणांनी इतका जीव लावला म्हणून सांगू. ओळख करून देताना एक फादर तर तो शब्द असा ठासून म्हणायचे, जणू तेच माझं आडनाव.

आणि माझ्या पहिल्याच तुकडीत आले कॅप्टन. खरं तर ते एका मोठ्या सेमिनरीचे रेक्टर, पण परेडची पाहणी करावी तसे चालतात म्हणून सगळे त्यांना कॅप्टन म्हणतात, आणि ते त्यांना माहीत आहे आणि आवडतंही. त्यांच्या सेमिनरीतून मुलं भराभर बाहेर पडत होती. काही स्वतःहून, बरीचशी त्यांनी घालवलेली. म्हणून बिशपांनी त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं, त्यांच्या मनाविरुद्ध. आमचा वर्ग म्हणजे पूर्वीचं वसतिगृह. लांबट खोली, उंच खिडक्या, भिंतीत पलंगांच्या खुणा अजून दिसतात. खुर्च्या आम्ही गोल मांडतो. कॅप्टन रोज येऊन आपली खुर्ची त्या गोलातून हातभर मागे ओढायचे आणि दाराकडे तोंड करून बसायचे. हाताची घडी. मी काही विचारलं तर अदबीनं उत्तर द्यायचे, पण उत्तर द्यायचे ते माझ्या डोक्यावरच्या घड्याळाला.

तुला वाटेल मी चिडले असेन. नाही ग. माझ्या शाळेत शेवटच्या बाकावर असे किती बसायचे. गणित येत नसतं म्हणून नव्हे, तर येत नाही हे कुणाला कळू नये म्हणून ते तसे बसतात. मला तेव्हा कॅप्टनपेक्षा जास्त धास्ती होती ती स्वतःची, कारण मी जे शिकवायला उभी होते त्यातलं निम्मं मी पुस्तकांतून शिकले होते आणि निम्मं तुझ्यापासून. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

आता थोडं मागचं सांगू दे. मठात आपण एकत्र नॉव्हिस असताना दर गोष्टीवर प्रश्न काढतेस म्हणून तुला वकील हे नाव पडलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी आपण इस्पितळात पुन्हा भेटलो तो दिवस आठवतो? माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मी पडून होते आणि तू मेट्रन, मागे शिकाऊ नर्सची रांग घेऊन राउंडला आलीस. चार्ट पाहिलास, पलंगाच्या टोकाकडे पाहिलंस आणि म्हणालीस, लंबू, तुझे पाय अजून पलंगाबाहेरच का? मी ओरडले तर टाके तुटतील म्हणून तुझा हात नुसता दाबून धरला. तेव्हापासून आपण काय काय बोललो. तुझं लग्न, लेकीचं बाळंतपण, भाऊजींचा मधुमेह, माझ्या शाळेतली राजकारणं. एक दुपार सोडून सगळं बोललो. तो विषय आला की तू उठून चहा टाकायला जातेस आणि मीही तुला जाऊ देते.

पण कॅप्टननी तीच दुपार माझ्यासमोर आणून ठेवली. आमच्याकडे प्रत्येकाला एक प्रत्यक्ष काम असतं. आपल्या हाताखालच्या एका तरुणाबरोबर काही आठवडे बसायचं, त्याला समजून घ्यायचं आणि त्यानं पुढे जावं की थांबावं याबद्दल आपलं मत टिपण लिहून मांडायचं. इतर जण पानंच्या पानं लिहून आणतात. कॅप्टननी आणल्या दोन ओळी. मुलगा प्रश्न फार विचारतो. आज्ञाधारक नाही, घरी पाठवावा.

मी ते वाचलं, वकील, आणि पुन्हा वाचलं. कारण हेच शब्द, अगदी याच क्रमानं, मी एकदा ऐकले होते. आपल्या नॉव्हिसांच्या बाईंनी जेवणघरात सगळ्यांसमोर उभ्यानं सांगितले होते. फक्त मुलगाच्या जागी मुलगी होतं.

मी काय केलं असेल ओळख. लाल पेन काढलं. गणितात नुसतं उत्तर लिहून चालत नाही, ते कसं आलं ते दाखवावं लागतं. जन्मभर मी मुलांच्या वह्यांत जे लिहिलं तेच त्या दोन ओळींखाली लिहिलं, पायऱ्या दाखवा. आणि सगळ्यांसारखं तेही टिपण परत दिलं. वर्गात कुणीतरी फिसकन हसलं. कॅप्टन ताडकन उठले, टिपणाची घडी करून खिशात घातली आणि परेड करत निघून गेले. दुसऱ्या दिवशी कळलं की ते थेट बिशपांकडे गेले होते. ही बाई धर्मगुरूंना शाळकरी पोरांसारखं वागवते, रेक्टरच्या अधिकारात ढवळाढवळ करते, हे केंद्र असंच चालणार असेल तर आमच्याकडून कुणी यापुढे येणार नाही, असं बरंच काही. त्यांच्या मागे इतरही काही जण होते. बिशपांनी मला फोन करून शांतपणे सांगितलं की मी येऊन वर्गात बसेन आणि मग ठरवू. काय ठरवू ते बोलले नाहीत, पण आमच्या स्वयंपाकिणीनंसुद्धा त्या आठवड्यात माझ्याशी जरा जास्तच मऊ आवाजात बोलायला सुरुवात केली, म्हणजे बघ. सगळे धरून चालले होते की मी गाशा गुंडाळणार.

बिशप आले त्या दिवशी फळ्यावर आधीच लावलेलं कामाचं वेळापत्रक होतं. त्या सकाळी होता नाट्यप्रसंग. एकानं घडवणारा व्हायचं, दुसऱ्यानं तरुण, आणि घडवणाऱ्यानं तरुणाशी त्याच्या पुढच्या वाटेबद्दल बोलायचं. प्रकरण मात्र स्वतःचं खरं घ्यायचं, म्हणजे ज्याचं टिपण त्यानं स्वतःच त्या तरुणाच्या जागी बसायचं. त्या दिवशी पाळी कॅप्टनची होती, आणि समोर रेक्टर म्हणून होती आमची खारूताई. ही आमच्यातली सगळ्यांत लहान सिस्टर, चणीनं एवढीशी, बोलणं भराभर, पुढल्या वर्षी नॉव्हिसांच्या बाई व्हायची म्हणून आलेली. मी पाळी बदलू शकले असते. बिशपांसमोर तमाशा नको म्हणून दोघा जणांनी मला तसं सुचवलंही. पण मी म्हटलं, जे रोज करतो ते पाहुण्यांसाठी का बदलायचं? आणि एक सांगते, कॅप्टन मोठा माणूस. नाही म्हणाले नाहीत. उठले, आले आणि मधल्या खुर्चीवर बसले.

खारूताईनं आधी काय केलं, तर आपली खुर्ची त्यांच्यापेक्षा उंच आहे हे पाहून ती बदलली. मग बसली आणि सहज विचारू लागली, तू इथं आलास तेव्हा घरचे काय म्हणाले, जेवण आवडतं का, झोप लागते का. कॅप्टन आडमुठ्या पोराचं सोंग मस्त वठवत होते. तुटक उत्तरं, खांदे उडवणं. वर्ग हसत होता, बिशपही हसले. मग खारूताई म्हणाली की तुझ्याबद्दल लिहिलंय तू प्रश्न फार विचारतोस. तर मला सांग, कोणता प्रश्न तू सगळ्यांत जास्त विचारलास?

कॅप्टननी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. हसू थांबलं. खारूताईला वाटलं सोंगच चाललंय, म्हणून ती म्हणाली, आठवून पाहा, मला घाई नाही.

"नाही सिस्टर," कॅप्टन म्हणाले. तो आवाज सोंगातला नव्हता. "मला खरंच माहीत नाही. मी त्याला कधी विचारलंच नाही."

खारूताईनं माझ्याकडे पाहिलं, मी मानेनंच थांब म्हटलं. अशा वेळी बोलून घाण करू नये हे तिला मी शिकवलं होतं आणि मला तू. मग बिशपांनी मला विचारलं, अगदी साधेपणानं, की सिस्टर, एका टिपणावरून तुम्ही एवढा आग्रह का धरलात?

तेव्हा मी ते सांगितलं. तुझं नाव न घेता, पण सगळं. की आम्ही नॉव्हिस असताना मला ताप भरला आणि उतरेना. बाई म्हणाल्या, हे दुखणं देवाला अर्पण कर. मी अर्पण करत राहिले आणि भिंतीवर मला माणसं चालताना दिसू लागली. तेव्हा माझी एक मैत्रीण बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ताप देवाला अर्पण करू, पण आधी डॉक्टरला दाखवू. तिला गप्प बसवलं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि शेवटी परवानगीशिवाय पाहुण्यांच्या खोलीतला फोन उचलून स्वतःच डॉक्टरला बोलावलं. विषमज्वर होता. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर मला बोलावून काही उपयोग झाला नसता. मी इस्पितळातून परत आले तेव्हा माझ्या शेजारच्या पलंगावरची गादी गुंडाळलेली होती, तिला एका दुपारी घरी पाठवून दिलं होतं. बाईंनी जेवणघरात कारण सांगितलं, प्रश्न फार विचारते, आज्ञाधारक नाही. आणि म्हणाल्या, गेली ती गेली, तिचं नाव इथं कुणी घ्यायचं नाही. तिला निरोप द्यायला कुणाला बोलावलं नव्हतं. तिला तरी कारण सांगितलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

बिशपांनी विचारलं, ती आता काय करते? मी सांगितलं, मोठ्या इस्पितळात मेट्रन आहे, नर्सच्या कित्येक पिढ्या तिच्या हाताखालून गेल्या. बिशप म्हणाले, "म्हणजे नुकसान आपलं झालं." एवढंच. जाताना त्यांनी माझ्याबद्दल काहीच ठरवलं नाही. म्हणजे मी राहिले.

कॅप्टन त्या शनिवारी सेमिनरीत गेले आणि सोमवारी परत आले तेव्हा हातात टिपण होतं, पानंच्या पानं. त्यांनी ते वर्गात वाचलं. मुलाला बसवून घेतलं, त्याला काय विचारायचं असतं ते विचारलं आणि मध्ये न बोलता ऐकलं, हे त्यांना किती जड गेलं तेही लिहिलं होतं. मुलाचा प्रश्न असा होता, की गेल्या वर्षी आमच्या वर्गातला एक जण घरी पाठवला गेला. आपण रोज प्रार्थनेत शत्रूंसाठीसुद्धा देवाकडे मागतो, मग त्याचं नाव का घेत नाही? हे तो पुन्हा पुन्हा विचारत होता आणि प्रत्येक वेळी गप्प बस हे उत्तर मिळत होतं. टिपणाच्या शेवटी कॅप्टननी लिहिलं होतं, मुलाला ठेवावे, उत्तर रेक्टरकडे बाकी आहे. मग मान वर करून मला म्हणाले, पायऱ्या बरोबर आहेत का बघा बाई. घड्याळाकडे नाही, माझ्याकडे पाहून. मी पैकीच्या पैकी दिले. माझ्या उभ्या कारकिर्दीत इतक्या आनंदानं मी कुणाला दिलेले नाहीत.

सगळं गोडच झालं असं नाही, तुला खोटं कशाला सांगू. त्या तुकडीतले दोघे जसे आले तसेच गेले, आणि एकानं तर जाताना मला सल्ला दिला की सिस्टरांनी फुलांची सजावट सांभाळावी. आणि तो प्रश्न विचारणारा मुलगा, तोही पुढे फादर झाला नाही. वर्षभरानं त्यानं स्वतःच ठरवलं की हे आपलं बोलावणं नव्हे. पण तो कसा गेला ते ऐक. कॅप्टननी त्याच्यासाठी सगळ्या सेमिनरीला जेवायला एकत्र बसवलं, मुलांनी त्याला गाणी म्हणून निरोप दिला आणि कॅप्टन स्वतः गाडी चालवत त्याला घरी सोडून आले, त्याच्या आईवडिलांशी बसून बोलले. मुलाला रडू आलं नाही म्हणे, कॅप्टनना आलं. आता तो मुलगा शाळेत शिकवतो आणि सुटीत सेमिनरीत येऊन नव्या मुलांना फुटबॉल खेळवतो. इकडे सेमिनरीच्या चॅपेलमध्ये जे गेले त्यांची नावं प्रार्थनेत घेतली जातात.

त्यानंतर आणखी तुकड्या आल्या. माझं तात्पुरतं पद तसंच. खारूताई आता आमच्या नॉव्हिसांच्या बाई आहे आणि तिच्याकडच्या मुली तिला इतके प्रश्न विचारतात की तिच्या नाकी नऊ येतात. मी म्हणते, भोग.

आणि आज ती सभा झाली. सगळे बिशप, सगळ्या संघांचे प्रमुख, अनेक वर्षांनी एकत्र. आमच्या केंद्रातून शिकून गेलेल्यांनी मिळून एक ठराव मांडला होता. सेमिनरीतून किंवा मठातून कुणालाही समोरासमोर बसून कारण सांगितल्याशिवाय आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय घरी पाठवायचं नाही. सोबत्यांना निरोप देऊ द्यायचा, आणि पुढे निदान वर्षभर कुणीतरी त्याची विचारपूस ठेवायची. शिवाय प्रशिक्षण घेतल्याखेरीज कुणाच्याही हाती तरुण मुलंमुली सोपवायची नाहीत, मग तो कितीही पवित्र असो. हे शेवटचं वाक्य माझं, बिशपांना गंमत वाटली म्हणून राहिलं. सकाळी चर्चा सुरू झाली आणि दुपारपर्यंत मला वाटलं की बुडालो. एका मोठ्या संघाच्या वृद्ध मदर उठल्या. त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. त्या म्हणाल्या की हा मठ आहे, न्यायालय नव्हे. आम्ही प्रार्थना करून निर्णय घेतो, प्रत्येक निर्णयाची कारणं देत बसलो तर आज्ञापालनाच्या व्रताला अर्थ काय उरला? टाळ्या पडल्या. बऱ्याच.

मग कॅप्टन उठले. परेडच्या चालीनं माइकपर्यंत गेले. मला वाटलं आता दणदणीत भाषण होणार. पण ते फार हळू बोलले.

"मदर, मीही हेच म्हणत असे," ते म्हणाले. "मला वाटायचं मी चर्चचं रक्षण करतोय. खरं कारण असं, की मला त्या मुलांच्या समोर बसायची भीती वाटायची. समोर बसलो आणि त्यांनी विचारलं, तर उत्तर द्यावं लागलं असतं. आज्ञा त्यांनी पाळली, मदर. भीती मी पाळली."

आणि जागेवर जाऊन बसले. मतदानाला हात वर करायला सांगितलं. आधी खारूताईचा गेला, तिच्या उंचीला शोभणार नाही इतका वर. मग रेक्टर, मग सिस्टर, मग एका रांगेतले बिशप एकमेकांकडे बघत बघत. शेवटी सगळ्यांच्या माना त्या वृद्ध मदरकडे वळल्या. त्यांनी हळूहळू हात कोपरापर्यंत उचलला आणि म्हणाल्या, खांदा धरलाय, अर्धाच जातो, पण मोजताना पूर्ण मोजा. सभागृह हास्यानं फुटलं. मी त्यांच्याकडे गेले, तर माझा हात धरून म्हणाल्या की माझ्याबरोबरही एक होती, एका सकाळी नव्हती. मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

आणि मग बिशपांनी उभं राहून सांगितलं की संचालिकांच्या पदातला तात्पुरत्या हा शब्द आजपासून काढला आहे. ज्या फादरांनी तो शब्द जपला होता त्यांनीच सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. केंद्राच्या इतिहासात हे पद आजवर कुणा सिस्टरकडे गेलेलं नव्हतं. मला वाटलं होतं मी नम्रपणे मान खाली घालीन. नाही घातली. मी आपली चांगली ताठ उभी राहिले, लंबू नाव ठेवलंय तर होऊ दे त्याचं सार्थक म्हटलं.

आता पत्राचं खरं कारण, आणि इथं तू चहा टाकायला उठू नकोस. ठराव झाल्यावर सभेनं विचारलं की हे लोकांना शिकवणार कोण, कठीण गोष्ट माणसाला समोर बसून कशी सांगायची, नाही कसं म्हणायचं, कुणाला मोडून न टाकता निरोप कसा द्यायचा? आमच्यात ते जन्मभर केलेलं कुणी नाही. मी माइक हातात घेतला आणि तुझं नाव सांगितलं. टोपणनाव नाही, तुझं पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचंही, सगळे बिशप आणि सगळ्या मदरांसमोर. आमच्या संघाच्या प्रमुख माझ्या शेजारीच होत्या. त्या उठून म्हणाल्या की आमच्या मठातून त्यांना ज्या रीतीनं पाठवलं ते चुकीचं होतं, आणि त्या हो म्हणाल्या तर तो आमचा सन्मान होईल. सभेनं एकमतानं मान्य केलं. त्यांचं रीतसर आमंत्रण येईल, पण त्याआधी हे माझ्याकडून तुला कळावं म्हणून धावत वर आले. तू नाही म्हणालीस तर मी एका शब्दानं का विचारणार नाही, माझ्यासाठी म्हणून तर मुळीच हो म्हणू नकोस. त्या दुपारीबद्दल वर्गात काही सांगायची गरज नाही. तुझ्या नर्सना जे शिकवतेस तेवढंच शिकव. आणि आलीस तर एक ऐकून ठेव, समोर रेक्टर, मदर, कॅप्टन, कुणीही असो, त्या गोलातली तुझ्या सगळ्यांत जवळची खुर्ची मी धरून ठेवणार आहे. वही घेऊन. मला विचारायचे प्रश्न पुष्कळ आहेत.

आजही, उद्याही तुझीच,
लंबू